करपूर्व उत्पन्न : शब्दाचा अर्थ आणि शेतकऱ्यास त्याचा उपयोग

काही दिवसांपूर्वी आमच्या संघाचे एक जुने सभासद कचेरीत आले. त्यांचे चिरंजीव पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहेत. गावची जमीन सातबाऱ्यावर चिरंजीवांच्याच नावे असून त्यांच्या वतीने वडील ती कसतात व मालाच्या पट्ट्याही मुलाच्याच नावे निघतात. चिरंजीवांनी २०२५-२६ ह्या सालच्या आपल्या प्राप्तीचा एक कच्चा कागद तयार करून वडिलांकडे पाठविला होता आणि ‘शेतीचे उत्पन्न’ ह्या सदरापुढील जागा तेवढी मोकळी ठेवली होती. वडिलांनी साखर कारखान्याची बिले व कांद्याच्या पट्ट्या जुळवून बेरीज केली आणि त्या जागी आठ लक्ष रुपये असा आकडा घातला. आम्ही विचारले, “हे आठ लक्ष खर्च वजा जाता काय?” त्यावर ते हसून म्हणाले, “अहो, शेतीवर करच नाही. मग आठ लिहिले काय आणि तीन लिहिले काय, सारखेच!”

सारखे नव्हते. त्या एका आकड्याने त्या घरचे ६५,००० रुपये विनाकारण गेले असते. ते कसे, हे आम्ही पुढे आकड्यांनिशी दाखवू. परंतु तत्पूर्वी हे सांगणे अवश्य आहे की, ही चूक त्या एका गृहस्थाची नव्हे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ‘करपूर्व उत्पन्न’ ह्या शब्दाशी आपला काडीचाही संबंध नाही, अशी आपणा शेतकऱ्यांची पक्की समजूत झालेली आहे. ज्यावर कर नाही त्याचा हिशेब कशास ठेवावा, असा हा विचार आहे. आमच्या मते हाच विचार आज आपले सर्वात मोठे नुकसान करीत आहे. आणि ते नुकसान केवळ करापुरते नसून सोसायटीत, कारखान्याच्या सभेत व हमीभावाच्या वादातही होत आहे.

शब्दाची फोड

मुळात ‘उत्पन्न’ हा शब्दच आपल्याकडे फार ढिला वापरला जातो. “यंदा एकरी पन्नास टन उत्पन्न आले” असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पीक किती निघाले एवढाच असतो. “कांद्याचे दोन लाख उत्पन्न झाले” ह्या वाक्यात तोच शब्द मालाच्या विक्रीची एकूण रक्कम दाखवितो. तहसील कचेरीतून ‘उत्पन्नाचा दाखला’ आणावयाचा तर तेथे त्याचा अर्थ वर्षाची कौटुंबिक प्राप्ती असा होतो. आणि कर आकारणारा अधिकारी ‘उत्पन्न’ म्हणतो तेव्हा त्यास त्या प्राप्तीतून ती मिळविण्याचा खर्च वजा जाऊन राहिलेली रक्कम अभिप्रेत असते. शब्द एकच, अर्थ मात्र चार. जो हे चार अर्थ वेगळे ठेवीत नाही, त्यास दुसरा कोणीही सहज बोलण्यात पकडू शकतो.

ह्यास्तव आम्ही आमच्या वाचकांस असे सुचवितो की, पीक निघाले त्यास ‘उत्पादन’ म्हणावे. विक्रीचे जे पैसे आले त्यांस ‘ढोबळ आवक’ म्हणावे. आणि ढोबळ आवकेतून ती मिळविण्यासाठी झालेला सर्व खर्च, कर्जाचे व्याज व औजारांचा घसारा धरून, वजा केल्यावर जी रक्कम उरते व जिच्यावर अद्याप कोणताही प्राप्तिकर बसविलेला नाही, तीसच ‘करपूर्व उत्पन्न’ म्हणावे. व्यापारी हिशेबात हिलाच प्रॉफिट बिफोर टॅक्स म्हणतात. तीवर कर भरून जे राहील ते ‘करोत्तर उत्पन्न’ होय. शेतीच्या बाबतीत कर शून्य असला तर करपूर्व व करोत्तर हे दोन आकडे एकच येतील, एवढाच काय तो फरक. कर नाही म्हणून करपूर्व आकडाच नाही, असे मुळीच होत नाही.

नमुन्याचा हिशेब

वर सांगितलेल्या सभासदांबरोबर बसून आम्ही जो हिशेब मांडला तो येथे देतो. आकडे सोपे पडावेत म्हणून पूर्णांकी केले आहेत. ढोबळ आवक ८,००,०००. खर्च येणेप्रमाणे : नांगरट व मशागत ६०,०००, बेणे व बियाणे ५०,०००, खते व औषधे १,३०,०००, रोजंदारीची मजुरी १,६०,०००, पाणीपट्टी व वीज २५,०००, पीककर्जाचे व्याज १५,०००, आणि चार लक्षांच्या ट्रॅक्टरवर शेकडा १५ प्रमाणे घसारा ६०,०००. एकूण खर्च ५,००,०००. म्हणजे करपूर्व उत्पन्न ३,००,००० रुपये.

हा हिशेब मांडताना तीन गोष्टींवर अडखळणे झाले. त्या तीनही गोष्टी घरोघर घडत असल्यामुळे त्या स्पष्ट करणे इष्ट वाटते.

पहिली गोष्ट कर्जफेडीची. कारखान्याच्या बिलातून सोसायटीचे मुद्दल परस्पर कापून घेतले जाते, आणि हातात उरलेली रक्कम पाहून शेतकरी म्हणतो की, माझे उत्पन्न एवढेच. हे चूक आहे. कर्ज घेतले तेव्हा ते उत्पन्न नव्हते. तद्वत् फेडले तेव्हा तो खर्चही नव्हे. खर्च फक्त व्याजाचा. तीच गोष्ट बिलातून कापल्या जाणाऱ्या ठेवींची. ठेव ही आपली पुंजी आहे, खर्च नव्हे; मग ती परतीची असो वा बिगरपरतीची म्हणविली जावो. हमाली व तोलाई आपण दिली असल्यास तो मात्र खरा खर्च होय. पट्टीवरील प्रत्येक कपात ह्या दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे, हे ओळखता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. ट्रॅक्टरचे पैसे ह्या वर्षी कोणास द्यावे लागले नाहीत, म्हणून घसारा खर्चात धरावयास आपला हात धजत नाही. परंतु बैल जसा दरवर्षी एका वर्षाने म्हातारा होतो, तसाच ट्रॅक्टरही होतो. ते झिजलेले मोल त्याच वर्षाच्या पिकाने भरून दिले पाहिजे. न दिल्यास आपण नफा म्हणून जे खातो त्यात ट्रॅक्टरचेच लोखंड खात असतो, आणि दहा वर्षांनी नवा ट्रॅक्टर घेण्याची वेळ आली म्हणजे पुन्हा बँकेच्या दारात उभे राहतो.

तिसरी गोष्ट घरच्या राबण्याची. त्या गृहस्थांनी विचारले, “मी आणि मंडळी वर्षभर शेतात राबतो, त्याची मजुरी कोठे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, कर आकारणीच्या हिशेबात मालकाच्या स्वतःच्या श्रमाची मजुरी खर्च म्हणून मिळत नाही. ती त्या तीन लक्षांतच दडलेली आहे. ह्याकरिताच करपूर्व उत्पन्नास शुद्ध नफा समजून फुशारकी मारण्यात अर्थ नाही. हा मुद्दा आम्ही पुढे हमीभावाच्या संदर्भात पुन्हा घेऊ.

येथेच आणखी एका आकड्याचा उलगडा करून ठेवतो. मुदतीच्या कर्जासाठी अर्ज केला असता काही बँका करपूर्व उत्पन्नात व्याज व घसारा पुन्हा मिळवून पाहतात. वरील उदाहरणात ती रक्कम ३,००,००० अधिक १५,००० अधिक ६०,००० म्हणजे ३,७५,००० होते. हप्ता फेडण्यास हातात किती रोकड येऊ शकेल हे पाहण्यासाठी बँकेला तो आकडा उपयोगी आहे. परंतु बँकेने एवढी ऐपत मानली म्हणून तेवढा खर्च संसारात वाढवावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

कर नाही, पण गणती आहे

आता ६५,००० रुपयांचा उलगडा करू. हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी बसविला, तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यातून सुटले नव्हते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले गेले. जमीन सारा भरतेच, मग दुसरा कर कशास, ही त्यामागील मुख्य विचारसरणी. १९३५ च्या कायद्याने शेतीच्या प्राप्तीवरील कर हा प्रांतांचा विषय ठरला आणि आपल्या राज्यघटनेतही सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ४६ व्या नोंदीखाली तो राज्यांकडेच आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त होते. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या व १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाच्या नव्या कायद्यातही ते करमुक्तच ठेविले आहे.

परंतु १९७२ साली डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशी शिफारस केली की, ज्यास शेतीखेरीज दुसरीही करपात्र प्राप्ती आहे, त्याच्या दुसऱ्या प्राप्तीवरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न जमेस धरावे. १९७३ पासून ती अमलात आली. नियम असा : शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर प्राप्ती करमाफीच्या मर्यादेपलीकडे असेल, तर प्रथम दोहोंच्या बेरजेवर कर काढावा, नंतर शेतीचे उत्पन्न व करमाफीची मर्यादा ह्यांच्या बेरजेवर कर काढावा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करावा. उरेल तो कर इतर प्राप्तीवर द्यावयाचा. म्हणजे शेतीवर कर नाही, परंतु शेतीच्या आकड्याने दुसऱ्या प्राप्तीस वरच्या पायरीवर चढविले जाते.

आमच्या सभासदांच्या चिरंजीवांची नोकरीची करपात्र प्राप्ती १४,००,००० धरू. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत ठरविलेले दर असे : पहिल्या चार लक्षांवर काही नाही, पुढील प्रत्येक चार लक्षांवर अनुक्रमे शेकडा ५, १०, १५, २० व २५, आणि चोवीस लक्षांपुढे ३०. शेतीचे काहीच नसते तर कर ९०,००० झाला असता. शेतीचे खरे करपूर्व उत्पन्न तीन लक्ष घातले, तर सतरा लक्षांवरील कर १,४०,०००. त्यातून सात लक्षांवरील १५,००० वजा जाता १,२५,०००. हे कायद्याप्रमाणे देणे आहे व ते दिलेच पाहिजे. आता वडिलांनी लिहिलेली आठ लक्षांची ढोबळ आवक घालून पाहा. बावीस लक्षांवरील कर २,५०,०००. त्यातून बारा लक्षांवरील ६०,००० वजा जाता १,९०,०००. फरक ६५,००० रुपये, उपकर निराळाच. कायद्याने मागितलेले नाहीत, कोणी दंड केलेला नाही. केवळ ढोबळ व करपूर्व ह्या दोन शब्दांमधील भेद न कळल्यामुळे भरावे लागले असते. दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. रीत मात्र अर्धशतकाहून अधिक काळ हीच चालत आली आहे.

ह्याच ओघात हेही सांगितले पाहिजे की, गावात ज्यास आपण शेतीचा जोडधंदा म्हणतो, ते सर्वच कायद्याच्या दृष्टीने शेती नव्हे. जमिनीवर मशागत, पेरणी, लावणी ही मूळ कामे झाली असतील तरच ते शेतीचे उत्पन्न, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात ठरविले. दूध, कोंबड्या, मधमाश्या ह्यांची प्राप्ती त्यात बसत नाही. उलट रोपवाटिकेतील रोपांची प्राप्ती २००८ च्या दुरुस्तीने शेतीची मानली गेली आहे. म्हणून गोठ्याचा जमाखर्च व शिवाराचा जमाखर्च वेगवेगळ्या वह्यांत असावा. शेतातील वैरण गोठ्यास दिली तर तिची किंमत एकीकडे जमा व दुसरीकडे खर्च लिहावी. तसे न केल्यास कोणता धंदा पोसतो आणि कोणता पोसला जातो, हे घरच्या मालकासही कळत नाही.

कारखान्याच्या ताळेबंदात

स्वतःच्या वहीपेक्षाही हा शब्द जेथे आपणास अधिक नडला, ते ठिकाण म्हणजे आपले सहकारी साखर कारखाने. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेकाठी पहिला कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सभासदांचे लक्ष एकाच आकड्याकडे लागलेले आहे. तो म्हणजे टनामागे भाव किती. अहवालात करपूर्व नफा म्हणून कोणता आकडा छापला आहे, हे विचारणारा सभासद शेकड्यात एखादाच. तथापि ह्याच आकड्यावरून प्राप्तिकर खाते व कारखाने ह्यांच्यामध्ये वर्षानुवर्षे तंटा चालला होता.

तंट्याचे स्वरूप एका सोप्या उदाहरणाने सांगतो. समजा, कारखान्यास साखर, मळी वगैरे विकून १०० रुपये आले. ऊस सोडून इतर खर्च २५ झाला. राहिलेले ७५ कारखान्याने उसाचा भाव म्हणून सभासदांस वाटले. कारखान्याच्या मते ऊस हा कच्चा माल, त्याची किंमत ७५, म्हणून करपूर्व नफा शून्य. खात्याचे म्हणणे असे की, सरकारने ठरविलेली किमान किंमत ६५ च होती. वरचे १० हे किंमत नसून नफ्याचे वाटप आहे. म्हणून करपूर्व नफा १० व त्यावर कर द्या. एकच रक्कम, एकाच शेतकऱ्याच्या हातात गेलेली. परंतु ती करपूर्व नफा काढण्याच्या आधी वजा करावयाची की नंतर वाटावयाची, ह्यावर कोट्यवधी रुपयांचे देणे अवलंबून राहिले.

२०१९ साली तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान किमतीवर दिलेल्या रकमेत नफ्याचा अंश किती हे आकारणी अधिकाऱ्याने तपासून ठरवावे. तेवढा अंश खर्च म्हणून मिळणार नाही, बाकीचा मिळेल. तत्पूर्वी २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी सहकारी कारखान्यांस खर्च म्हणून धरण्याची तरतूद २०१६-१७ ह्या आकारणी वर्षापासून झालेली होती. त्यामागील वर्षांचे ओझे मात्र तसेच होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या मागील वर्षांसाठीही ही रक्कम खर्चात धरण्याची मुभा दिली व त्यायोगे सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगितले. आमच्या वाचकांनी क्षणभर विचार करावा : हे दहा हजार कोटींचे भूत ज्या शब्दाच्या अर्थावरून उठले, तो शब्द आपल्यापैकी किती जणांनी वार्षिक सभेत एकदा तरी उच्चारला होता?

जे कारखान्याचे तेच आज निघणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे. २००२ साली कंपनी कायद्यात ह्या कंपन्यांची तरतूद झाली. तीत सभासदास दोन वाटांनी पैसे मिळू शकतात. एक, त्याच्या मालाच्या किमतीपैकी राखून ठेवलेला भाग नंतर देणे. दुसरी, कंपनीच्या शिलकेतून प्रत्येकाच्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देणे. पहिली रक्कम ही मालाचीच किंमत होय. दुसरी ही नफ्याची वाटणी होय. संचालकांनी कोणती रक्कम कोणत्या सदरात टाकली हे सभासदांनी सभेपूर्वी वाचून पाहिले पाहिजे. सभा झाल्यावर आरडाओरड करण्यात हशील नाही.

सरकारचा खर्च व आपला खर्च

आता घरच्या राबण्याचा मुद्दा. कृषिमूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च अनेक प्रकारे काढतो. ए-२ ह्या खर्चात प्रत्यक्ष दिलेले सर्व येते. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळविली म्हणजे ए-२ अधिक एफएल होते. त्यातच स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले म्हणजे सी-२ होतो. स्वामिनाथन आयोगाने २००६ साली उत्पादनखर्चावर निदान शेकडा ५० अधिक भाव असावा असे म्हटले. सरकारने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर केला, तो ए-२ अधिक एफएल ह्या खर्चावर. शेतकरी संघटनांची मागणी सी-२ वर धरावा अशी आहे.

वरचेच शेत पुन्हा घेऊ. करपूर्व उत्पन्न ३,००,०००. घरच्या श्रमाची मजुरी ९०,००० धरली तर उरतात २,१०,०००. जमीन दुसऱ्यास खंडाने दिली असती तर १,२०,००० आले असते व घरची पुंजी बँकेत ठेवली असती तर ३०,००० व्याज आले असते असे मानले, तर उरतात अवघे ६०,०००. बँकेच्या नजरेत ३,७५,०००. प्राप्तिकराच्या नजरेत ३,००,०००. आणि सी-२ च्या नजरेत ६०,०००. ह्यांपैकी एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु वर्तमानपत्रात लिहिणारा शहरी गृहस्थ “आठ लाख मिळवितात आणि कर देत नाहीत” असे म्हणतो, तेव्हा तो आपलीच पट्टी आपल्याच तोंडावर मारीत असतो. आणि ती पट्टी त्याच्या हाती आपणच दिलेली असते, कारण आपण स्वतःही आठ लाखच बोलत असतो.

एका आक्षेपाचे उत्तर

काही वाचक म्हणतील की, हिशेब लिहून ठेवला तर उद्या सरकार त्याच वहीवरून शेतीवर कर बसवील. त्यापेक्षा वही नसलेली बरी. ह्या भीतीत अगदीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. तथापि अंधाराचा फायदा घेणारे दुसरेच आहेत. ज्यांनी कधी नांगर धरला नाही असे लोक आपली इतर प्राप्ती शेतीची म्हणून दाखवितात. आणि ही करमाफी पुरेशी छाननी न करता दिली गेल्याची प्रकरणे महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या आपल्या अहवालात दाखवून दिली. अशा लोकांमुळे करमाफीविरुद्ध ओरड होते आणि तिचा मारा खऱ्या शेतकऱ्यावर येतो. ज्याच्या वहीत एकरी खर्च व एकरी करपूर्व उत्पन्न नोंदलेले आहे, तोच पुढे होऊन सांगू शकेल की, एवढ्या जमिनीतून एवढे उत्पन्न निघतच नाही, हा माणूस आमच्यापैकी नव्हे. आमच्या मते करमाफीचे खरे रक्षण वहीच करील.

शिवाय हिशेब दुसऱ्याच्या हाती राहिल्याने काय होते, हे आपल्या मुलखाने पूर्वी पाहिले आहे. १८७५ साली भीमथडी तालुक्यातील सुप्यापासून दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या खतपत्रांवर व वह्यांवर होता. ज्या कागदात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, ते कागद जाळले गेले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, परंतु वही शिकण्याचे काम तसेच राहिले. १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी प्रसिद्ध केली, तीत घराघराची आवक व खर्च मांडला होता. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. शेतकऱ्याच्या घरचा हिशेब मात्र आजही बाहेरच्यांनीच येऊन मांडावा, ही स्थिती फारशी पालटलेली नाही. आज कागद जाळण्याचे कारण नाही. आपणा सर्वांस वाचता येते. वाचत नाही, एवढीच उणीव आहे.

काय करावे

आमची सूचना थोडक्यात येणेप्रमाणे आहे. पाडव्यास वा १ एप्रिलास एक वही घालावी. तीत चार रकाने असावेत : ढोबळ आवक, प्रत्यक्ष खर्च, व्याज व घसारा, आणि उरलेले करपूर्व उत्पन्न. घरच्या श्रमाचे दिवस शेवटच्या पानावर वेगळे लिहावेत. ते करासाठी नव्हेत, स्वतःच्या डोळ्यांसाठी. खताच्या, औषधांच्या व मजुरीच्या पावत्या एका पिशवीत वर्षवार बांधून ठेवाव्यात. ज्या घरात कोणी नोकरी वा दुकान करतो, त्या घरी हे काम ऐच्छिक नसून अवश्य आहे.

कारखान्याचा, सोसायटीचा वा कंपनीचा अहवाल हाती आला म्हणजे शेवटच्या पानावरील भावाचा आकडा पाहण्यापूर्वी नफातोटा पत्रक उघडावे, करपूर्व नफ्याची ओळ शोधावी व तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा काढण्यापूर्वी आमच्या मालाची संपूर्ण किंमत खर्चात धरली आहे काय? घसारा धरला आहे काय? आणि मागील वर्षांच्या कराचे काही देणे वादात आहे काय? हे प्रश्न विचारण्यास कोणा वकिलाची गरज नाही. प्रत्येक गावातून दोन सभासदांनी हे प्रश्न लेखी दिले तरी पुढील वर्षी अहवाल लिहिणाऱ्याचा हात अधिक जपून चालेल, अशी आमची खात्री आहे.

आमचे ते सभासद परत जाताना त्यांनी आठाचा आकडा खोडून तीन लिहिला व शेजारी खर्चाची यादी जोडली. त्यांस आनंद ६५,००० रुपये वाचल्याचा झाला असेल असे आम्हांस वाटले होते. परंतु दारात थांबून ते म्हणाले, “तीस वर्षे शेती केली, पण तिने मला काय दिले हे आज कळले.” प्रत्येक शेतकऱ्यास हे दरवर्षी कळावे, आणि ते सांगावयास दुसऱ्या कोणाची गरज पडू नये, एवढ्याचसाठी हा लेख.